रजनीबाईंचे नऊ तास

भार्गवीला बारावीत दोन गोष्टी एकदमच आल्या, एलपीपी नावाचं गणित आणि आत्मविश्वास. आधी कोणती आली ते तिलाही सांगता आलं नसतं. अकरावीपर्यंत गणिताच्या तासाला ती मागच्या बाकावर अशी बसायची की सरांची नजर तिच्यावरून घसरून भिंतीवर जावी. मग एक दिवस सुमीत सरांनी फळ्यावर सुताराचा सवाल घातला. लाकूड इतकं, दिवसाचे तास इतके, तर टेबलं किती करावीत आणि खुर्च्या किती? वर्ग अंदाज ठोकत राहिला. भार्गवी उठली, दोन रेघा ओढल्या, मधला तुकडा खडूने भरला, त्याचे कोपरे एकेक करून तपासले आणि उत्तर लिहून जागेवर येऊन बसली. सर म्हणाले, "ये हुई न बात." त्या दिवशी तिची मान जी वर झाली ती खाली यायचं नावच घेईना.

"जगातला अर्धा त्रास लोक कोपरे तपासत नाहीत म्हणून आहे," असं तिने केतकीला, आपल्या मैत्रिणीला, सांगून टाकलं.

"आणि उरलेला अर्धा?"

"तो तुझ्यासारख्या प्रश्न विचारणाऱ्यांमुळे."

घरी मात्र त्रास अर्धामुर्धा नव्हता. घर म्हणजे नानाखेड्याला बस स्टँडच्या मागची एक खोली, त्यात भार्गवी आणि तिची आई. बाबा गेले तेव्हा भार्गवी तिसरीत होती. तेव्हापासून रजनीबाई क्षिप्रेवरच्या राम घाटाजवळच्या भय्यासाहेबांकडे स्वयंपाकाला जायच्या. भय्यासाहेब म्हणजे घाटावरचे जुने मराठी उपाध्ये. नाशिक, सातारा, बडोदा, कुठकुठून यजमान त्यांच्याकडे श्राद्ध करायला येत. श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यातला. आतल्या चुलीपाशी जायचं तर डोक्यावरून आंघोळ करून, काठीने वाळत घातलेली, कुणी न शिवलेली साडी नेसूनच. मध्ये बाहेरच्या कशाला हात लागला की पुन्हा आंघोळ. रजनीबाईंना त्याचं ओझं कधी वाटलं नव्हतं, कारण एकदा आत गेल्या की काम संपेपर्यंत त्या बाहेर येतच नसत.

पण आता दिवस बदलले होते. दर्शनाची गर्दी वाढली तशा भय्यासाहेबांच्या मुलाने, आल्हादने, वरच्या मजल्यावर यात्रेकरूंसाठी खोल्या काढल्या. यात्रेकरूंना पोहे पाहिजेत, कांदा-लसणाची भाजी पाहिजे, आणि भूक लागली की त्याच मिनिटाला पाहिजे. आल्हादने मागच्या पडवीत गॅसची दुसरी शेगडी टाकली आणि वडिलांना म्हणाला, माधव नगरचा एक कॅटरर दोन्ही कामं घ्यायला तयार आहे, त्याच्याकडे सोवळ्याला वेगळा महाराज आहे, झंझटच खतम.

भय्यासाहेब जुन्या माणसाला एकदम काढणारे नव्हते. त्यांनी रजनीबाईंना बोलावलं. "बाई, या पितृपक्षात दोन्ही चुली तुम्ही सांभाळून दाखवा. जमलं तर स्वयंपाकघर तुमचंच. नाही जमलं तर मला आल्हादचं ऐकावं लागेल."

त्या संध्याकाळी रजनीबाई घरी आल्या आणि चहा न करताच भिंतीला टेकून बसल्या. स्वयंपाकघर गेलं तर ही खोलीही जाणार आणि भार्गवीची शाळाही, हे दोघींना न बोलता कळत होतं.

"एकटी बाई दोन ठिकाणी कशी पुरेल गं," त्या म्हणाल्या. "देवानेही हात दोनच दिलेत."

भार्गवीचे डोळे चमकले. आईचं दुःख तिला दिसत होतं, नाही असं नाही. पण त्या दुःखाच्या आत एक अस्सल सवाल बसलेला होता, दोन वस्तू, एक कारागीर, मोजका वेळ, आणि तो तिला आधी दिसला.

"आई, टेन्शन नको घेऊ. हा तर एलपीपी आहे."

"कोण?"

"बस तू. मी विचारते तेवढं सांग." तिने आलेखाचा कागद जमिनीवर पसरला. "आडवी रेघ श्राद्धांची. उभी रेघ थाळ्यांची, दहा-दहाच्या हिशोबाने. तुझ्याकडे वेळ किती?"

"पाचला पोचते. दोनपर्यंत. मग वाढायचं भय्यासाहेबांच्या घरच्या अहल्याकाकू बघतात."

"नऊ तास. एका श्राद्धाला किती लागतो?"

"खीर, वडे, कढी, दोन भाज्या, आमसुलाची चटणी, पिंडाचा भात. पंधरा-वीस पानं असतात. दीड तास धर."

"दहा थाळ्यांना?"

"तासभर."

"आणि एका दिवशी श्राद्धं किती?"

"चाराच्या वर भय्यासाहेब घेत नाहीत."

भार्गवीने रेघा ओढल्या. पेन्सिल कागदावर सरसर चालली, जीभ दातांच्या मध्ये. मग तिने आत अडकलेला तुकडा रंगवला. "हे बघ. याला फीजिबल रीजन म्हणतात. म्हणजे जे जे होऊ शकतं ते सगळं याच्या आत. बाहेर गेलं की अशक्य. आणि सगळ्यात जास्त माणसं कुठे जेवतात? या कोपऱ्यावर. चार श्राद्धं, तीस थाळ्या." ती उठून उभीच राहिली. "आल्हाददादाला पंचवीस पाहिजे होत्या नं? घे तीस."

रजनीबाई कागदाकडे बघत राहिल्या. रंगवलेल्या तुकड्यात त्यांचा पूर्ण दिवस मावला होता, इतकासा.

"पण बेटा, यात्रेकरू काही एकदम येत नाहीत जेवायला. दर्शन करून येतील तसे येणार. यजमानही एकापाठोपाठ एक."

"बरोबर. म्हणून तू आत-बाहेर करायचं. एक श्राद्ध झालं की बाहेर दहा थाळ्या. मग आत दुसरं. मग परत बाहेर. बेरीज तीच. नऊ तास म्हणजे नऊ तास, सलग घेतले काय आणि तुकड्यांत घेतले काय."

"आणि ते मध्ये मध्ये..."

"आई, मध्ये मध्ये काही नसतं. रेघ बघ नं. सरळ आहे."

रजनीबाईंनी रेघ बघितली. मुलीचा चेहरा बघितला. तिच्या बापाचा चेहरा रिझल्टच्या दिवशी असाच फुलायचा. "बढिया आहे," त्या म्हणाल्या, आणि उठून चहाचं आधण ठेवलं.

पितृपक्ष लागला आणि गणित अक्षरशः धावू लागलं. चार श्राद्धं, तीस थाळ्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आल्हादचं तोंड बंद झालं. भय्यासाहेबांनी रजनीबाईंना सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, कमाल केलीत." भार्गवीने ही बातमी केतकीला सांगितली, सुमीत सरांना सांगितली, दुधवाल्यालाही सांगितली. सर म्हणाले, "बेटा, मॅनेजमेंटच्या कॉलेजात पोरं हेच शिकायला लाखो घालतात." भार्गवी तरंगत घरी आली. आता तिला पुढचंही दिसत होतं. कॉलेज, नोकरी, आईला फक्त बसून राहायचं काम.

आई मात्र बसली की झोपत होती. घास हातात असताना झोपायची. एकदा भार्गवीने आमटी वाढायला वाटी पुढे केली तर आईचा हात तसाच हवेत, डोळे मिटलेले. पाय सुजून चपलेच्या पट्ट्याचे वळ उमटत होते. केस सदानकदा ओले.

"केस पुसत जा गं नीट," भार्गवी म्हणाली.

"उमस फार आहे."

"पायांना काय झालं?"

"उभं राहून राहून. संपतील आता पंधरा दिवस."

भार्गवी सकाळी सहाला उठायची तेव्हा आई गेलेली असे. साडेचारची पहिली मॅजिक, म्हणजे सवारी गाडी, पकडून पाचला तिथे, हे वेळापत्रक भार्गवीनेच भिंतीवर लावलं होतं, त्यामुळे त्यात विचारायचं काय होतं? त्या पंधरवड्यात तिने आईला एकदाच नीट हसताना पाहिलं, ते भय्यासाहेबांची शाबासकी घरी सांगताना. तेवढं हसू भार्गवीला पुरलं.

सर्वपित्री अमावास्येला शाळा लवकर सुटली. शेवटचा दिवस, गड जिंकलेला. आईसोबत परत येऊ, वाटेत कचोरी खाऊ, असा बेत करून भार्गवी थेट घाटाकडे गेली. भय्यासाहेबांच्या दारात चपलांचा ढीग होता आणि आत अजिबात आवाज नव्हता. एवढी माणसं आणि आवाज नाही, हे तिला पायरीवरच खटकलं.

अंगणात साताऱ्याचे यजमान मांडी घालून बसले होते, समोर दर्भ, तीळ, रिकाम्या पत्रावळी. मागच्या दारी गायीपुढे खिरीचं अख्खं पातेलं उपडं केलेलं. आत अहल्याकाकू, सत्तरीच्या वयात, स्वतः ओलेत्याने चुलीपुढे बसून पहिल्यापासून भात शिजवत होत्या. आणि ओसरीच्या कोपऱ्यात रजनीबाई उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत.

काय झालं ते भार्गवीला वाढप्याने हळू आवाजात सांगितलं. शेवटच्या श्राद्धाच्या वेळी रजनीबाई बाहेरच्या शेगडीवरून, कांद्याच्या हाताने, फक्त हातपाय धुऊन आत गेल्या आणि खीर ढवळायला बसल्या. आंघोळ केली नाही. अहल्याकाकूंनी बघितलं.

श्राद्ध उशिरा का होईना उरकलं. यजमान गेले. मग भय्यासाहेब ओसरीवर आले. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते.

"रजनीबाई, तुमच्याकडून हे?"

"चूक झाली भय्यासाहेब. आज पहिल्यांदा. आईची शपथ घेऊन सांगते, आजच."

"आज कशी झाली पण?"

"उशीर झाला. यजमान खोळंबले होते. मला वाटलं..."

भय्यासाहेबांनी उपरण्याने घाम पुसला. मग अहल्याकाकूंकडे बघून ते म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदा. माणूस आहे. प्रायश्चित्त घेतील, पंचगव्य घेतील. काय?"

अहल्याकाकूंनी नाराजीनेच, पण मान हलवली.

तेवढ्यावर ते मिटत होतं. भार्गवीने तोंड मिटून धरलं असतं तर मिटलंच असतं. पण आई गुन्हेगारासारखी उभी आहे आणि कुणी तरी तिला माफ करतंय, हे त्या वर झालेल्या मानेला सहन होईना. माफी कशाची? आईने आळस केला होता का? ती दणदणत ओसरीवर चढली.

"भय्यासाहेब, आईची चूकच नाही यात. मी दाखवू का?"

"भार्गवी, गप बस," रजनीबाई म्हणाल्या.

"नाही आई, त्यांना कळू दे." तिने दप्तरातून आलेखाचा कागद काढला. तो ती रोज सोबत ठेवायची, कुणी विचारलं तर असावा म्हणून. "हे बघा, आईचे नऊ तास. चार श्राद्धांना सहा. तीस थाळ्यांना तीन. झाले नऊ. स्लॅक शून्य."

"शून्य म्हणजे?" भय्यासाहेबांनी चष्मा लावला.

"म्हणजे एक मिनिटही उरत नाही. आपण अगदी कोपऱ्यावर उभे आहोत. एवढं काम एका बाईकडून घेतलं तर आज ना उद्या हे व्हायचंच. दोष तिचा नाही, दोष कामाच्या मांडणीचा आहे."

आपण किती छान बोललो हे तिला बोलतानाच जाणवत होतं. भय्यासाहेब कागद बघत राहिले. पत्रिका बघायची सवय असलेला माणूस, रेघा आणि घरं त्यांना नवीन नव्हती. त्यांनी बोट एका रेघेवरून खाली आणलं, दुसऱ्या रेघेवर नेलं.

"हे कधीपासून चालू आहे?"

"पहिल्या दिवसापासून. रोज हेच."

"रोज आत-बाहेर?"

"रोज. तीनदा."

"आणि एक मिनिट उरत नाही."

"एकही नाही."

"मग बाळ," भय्यासाहेब शांतपणे म्हणाले, "आंघोळी यात कुठे आहेत?"

भार्गवीने कागदाकडे बघितलं. आडवी रेघ होती, उभी रेघ होती, तिरकी रेघ होती. कोपऱ्याला लाल गोल होता. आंघोळ कुठेच नव्हती. तीनदा अंगावर पाणी घेणं, साडी बदलणं, ओली पिळून काठीने वाळत घालणं, यातलं काहीच तिने धरलं नव्हतं. ज्या घरात ती लहानपणापासून वावरली, जिथे चुलीजवळ जायचं नाही म्हणून तिने शेकडो धपाटे खाल्ले, त्या घराचं गणित तिने सुताराच्या दुकानासारखं मांडलं होतं.

"केल्या," रजनीबाई म्हणाल्या. "रोज केल्या. देवाशपथ."

"केव्हा पण?" आल्हाद पहिल्यांदाच बोलला. "हिशोब तर तुमच्याच मुलीचा आहे, काकू."

"मी लवकर यायचे."

भय्यासाहेब भार्गवीकडे वळले. त्यांना खरंच वाटत होतं की बाईंच्या बाजूने काही तरी निघावं. "तू सांग. आई घरून कधी निघते?"

"साडेचारला," भार्गवी म्हणाली. "पहिली मॅजिक."

तिच्या तोंडून ते इतक्या झटकन निघालं की नंतर तिने ते कितीदा तरी परत गिळून पाहिलं. रजनीबाईंनी काही म्हणायला तोंड उघडलं. मुलीकडे बघितलं. आणि मिटलं.

अहल्याकाकू खाली बसल्या. "पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. "दर दिवशी चार घरं. किती जणांच्या पितरांना आपण काय जेवायला घातलं हो?"

भय्यासाहेबांनी कागदाची घडी घातली आणि भार्गवीच्या हातात परत दिली, आदराने, जणू ती कुणी मोठी विद्वान होती. "एका दिवसाची चूक मी पोटात घातली असती बाई," ते म्हणाले. "सगळ्या पक्षाची कशी घालू? उद्या यजमानांना काय तोंड दाखवू?" मग ते आत निघून गेले. त्यांनी दार लावलं नाही, पण आता तिथे उभं राहण्यासारखंही काही नव्हतं. रजनीबाईंनी दोरीवरची आपली साडी काढली. काठी लागली नाही. हातानेच ओढली.

घाटावर अमावास्येची गर्दी ओसरत होती. पायऱ्यांवर पिंडांचा भात, त्यावर कावळे, पाण्यात द्रोण. दोघी मॅजिकच्या थांब्याकडे चालायला लागल्या, पण चार पावलांवरच रजनीबाई एका पायरीवर बसल्या. त्यांनी चपला काढल्या. तळव्यांना फोड येऊन फुटले होते, जुन्यांवर नवे.

भार्गवी त्या पायांकडे बघत राहिली. उभं राहून तळव्याला फोड येत नाहीत.

"आई. तू कशाने यायचीस?"

"चालत."

"नानाखेड्याहून?"

"तीनला निघायचे. त्या वेळी मॅजिक कुठे असते? चारला पोचलं की भाज्या चिरून, वाटण करून ठेवायचे. तेवढा तास आंघोळींना सुटायचा. मागच्या दाराची किल्ली माझ्याकडेच असते, कुणाची झोप मोडायला नको." त्यांनी पायाला लागलेली वाळू झटकली. "आज पाय उचललेच नाहीत गं. मॅजिकने आले. आणि शेवटची आंघोळ राहिली."

"मग सांगितलं का नाहीस? मी साडेचार म्हटलं तेव्हा म्हणायचं नं, ही झोपलेली असते, हिला काय माहीत."

"चार लोकांत तुला खोटं पाडू?"

"चल परत. आत्ताच्या आत्ता. मी सांगते त्यांना."

"काय सांगशील? तू तर झोपलेली होतीस. मी अंधारात एकटी यायची. आंघोळीही मागच्या मोरीत, तिकडे कुणी फिरकत नाही. ना कुणी पाहिलं, ना कुणाला हाक मारली." रजनीबाईंचा आवाज अगदी सपाट होता. "आणि आज खरंच नव्हती केली मी. आज केली नाही तर काल केली असेल हे कोण मानेल? मीसुद्धा मानलं नसतं."

भार्गवीने परत पाच-सहा वेळा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी एक वाक्य यायचं आणि अर्ध्यातच त्याला दुसरी बाजू दिसायची. अहल्याकाकूंच्या पाया पडू? त्यांना तो कागद आठवणार. चालत येताना रस्त्यात कुणी तरी बघितलं असेल, विचारू? कुणाला, पहाटे तीनचा कोण माणूस शोधायचा? आईचे ओले केस रोज बघितले, ते सांगू? पोटच्या मुलीची साक्ष कोण धरणार? सर येऊन समजावतील? सर काय समजावणार, गणित तर बरोबरच होतं. जिकडे जावं तिकडे भिंत. आईचं म्हणणं खरं होतं आणि त्याला पुरावा नव्हता, भार्गवीचं चुकीचं होतं आणि ते कागदावर लिहिलेलं होतं.

तिने आईच्या पायाला हात लावला. रजनीबाईंनी पाय आक्रसून घेतला, दुखलं म्हणून. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तो हात कांद्याचा वास मारत होता.

"रडू नको. रडून काय होतं," त्या म्हणाल्या. "आता नवरात्र बसेल. माधव नगरला कुणाकडे पोळ्यांचं मिळतं का बघते, पण घाटावरची गोष्ट तिथे पोचायला वेळ लागत नाही. सोवळं मोडलेली बाई म्हणून कोण ठेवेल? खोलीचं काय करायचं, तुझ्या शाळेचं काय करायचं." त्या थोड्या थांबल्या, आणि मग मुलीकडे वळून बघितलं, खरोखरच विचारायच्या चेहऱ्याने. "तुला सुचतं नं हे सगळं. सांग बरं, आपण आता काय करायचं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भार्गवीला उत्तर देता आलं असतं. आई वाट बघत होती. समोर क्षिप्रेच्या पाण्यावर कुणाच्या तरी पितरांचे द्रोण एकमेकांना धडकत चालले होते, आणि भार्गवी त्यांच्याकडे बघत बसून राहिली, कारण आईकडे बघितलं असतं तर काही तरी सांगावं लागलं असतं.